अंतर चोख, वेळ अंदाजपंचे: विमानाचं अंतर सांगणाऱ्या साइट सांगली-साताऱ्याहून वापरताना

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या फुकट साइट ढिगाने आहेत. त्यांना सरसकट एकच गुण देणं अन्यायाचं होईल. अंतराला दहापैकी नऊ, वेळेला दहापैकी चार. तरीही बहुतेक लोक अंतराकडे बघत नाहीत आणि वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. विटा-तासगावची मंडळी असोत की कराड-वाईची, तिकीट काढण्याआधी "एकूण किती तास?" हाच प्रश्न पहिला येतो, आणि नेमकं त्याचंच उत्तर या साइटना धड देता येत नाही.

सुरुवातच अडखळते ती गावाच्या नावावर. सांगलीत प्रवासी विमानतळ नाही. कवलापूरची जुनी धावपट्टी आणि कराडची छोटी धावपट्टी या तिकिटाच्या कामाच्या नाहीत. त्यामुळे "सांगली" टाकलं की काही साइट सरळ "सापडलं नाही" म्हणतात, तर काही शहराच्या मध्यापासून अंतर मोजून मोकळ्या होतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण आकडा रुबाबात येतो आणि तो विमानतळाचा नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नाव टाकायचंच नाही, तीन अक्षरी कोड टाकायचा. मुंबई बीओएम, पुणे पीएनक्यू, कोल्हापूर केएलएच, बेळगाव आयएक्सजी.

कोडमध्येही चकवे आहेत. गोव्यासाठी सवयीने जीओए टाकाल तर नकाशा इटलीत जेनोवाला जाईल. दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अमेरिकेतल्या अलाबामातही आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही आहे. हैदराबाद तर पाकिस्तानातही आहे. आकडा वाचण्याआधी नकाशावरची रेघ कुठे टेकली ते बघायला दोन सेकंद लागतात.

अंतराचा आकडा मात्र खरंच चांगला असतो. साइट मोजतात ते मोठ्या वर्तुळाचं अंतर, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोरा ताणून धरा. तो पॅसिफिकवरून आडवा न जाता लडाख, शिनजियांग, सायबेरिया करत आर्क्टिक समुद्रावर चढतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. सपाट नकाशावर हीच वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते, म्हणून "साइट चुकीचा रस्ता दाखवते" अशा तक्रारी येतात. चूक नकाशाच्या सपाटपणाची आहे, साइटची नाही.

दोन साइट दोन आकडे देतात त्याचंही कारण साधं आहे. काही पृथ्वीला ६३७१ किमी त्रिज्येचा अचूक गोल धरतात, तर काही ध्रुवांजवळची चपटी पृथ्वी धरून हिशेब करतात. विषुववृत्तापाशी त्रिज्या साधारण ६३७८ किमी आणि ध्रुवाकडे ६३५७ किमी असल्यामुळे हा फरक पडतो, पण तो जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. मुंबई–हीथ्रो (लंडनचा विमानतळ) गोल पृथ्वी धरून ७२१३ किमी येतं. दुसऱ्या साइटने पाच-पंचवीस किमी इकडेतिकडे दाखवले तर डोकं खाजवत बसू नका. पण एक साइट ७२१३, दुसरी ४४८२ आणि तिसरी ३८९५ म्हणत असेल, तर तिघीही बरोबर आहेत. किलोमीटर, मैल आणि नॉटिकल मैल यांचा तो खेळ आहे. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी. एककाचा पर्याय बहुतेक साइटवर कोपऱ्यात लपलेला असतो. आधी तो किलोमीटरवर आणा.

या सगळ्या गर्दीत ग्रेट सर्कल मॅपर ही जुनी साइट सर्वांत कामाची. दिसायला अगदी साधी, वीस वर्षांपूर्वीची वाटावी अशी, पण पोटात माल आहे. दोन कोडमध्ये आडवी रेघ टाकली की मार्ग तयार होतो. तीन कोड रेघांनी जोडले की थांब्यासह मार्ग आणि बेरीज मिळते. स्वल्पविराम दिला की दोन वेगवेगळे मार्ग एकाच नकाशावर शेजारी येतात. तुलना करायची असेल तर स्वल्पविरामच वापरा. शिवाय एखाद्या विमानतळाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळही काढता येतं, आणि वेग स्वतः टाकून वेळ काढता येतो. हा शेवटचा पर्याय महत्त्वाचा आहे, कारण वेग तुमच्या हातात राहतो. साधं, एकदाच लागणारं अंतर हवं असेल तर गुगल मॅप्समधला अंतर मोजायचा पर्यायही पुरेसा आहे. नकाशावर बोट दाबून धरा, पर्याय निवडा, दुसऱ्या टोकाला न्या. तोही मोठ्या वर्तुळाचंच अंतर देतो आणि डाउनलोडच्या खोट्या बटणांची कटकट नाही.

थांबा घेऊन जाणाऱ्याला या बेरजेतून बरंच कळतं. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट अंतर सुमारे १३,५०० किमी. दुबईमार्गे १९२६ अधिक सुमारे १३,००० म्हणजे पंधरा हजारांच्या जवळ. लंडनमार्गे पावणेसोळा हजारांच्या पुढे. आणि दिल्लीमार्गे? मुंबई–दिल्ली सुमारे ११४०, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०, बेरीज थेट अंतराएवढीच, दहा-वीस किमीचा फरक. दिल्ली त्या रेघेवरच पडते. म्हणजे अंतराच्या हिशेबाने दिल्लीचा थांबा फुकटात पडतो. वेळेच्या हिशेबाने नाही, कारण दिल्लीला देशांतर्गतमधून आंतरराष्ट्रीयमध्ये जाणं हा स्वतंत्र प्रवास आहे.

आता वेळ. या साइट वेळ शोधत नाहीत, भागाकार करतात. अंतराला ताशी ८०० किंवा ८५० किमीने भागायचं आणि उड्डाण-उतरणीचा अर्धा तास मिळवायचा, एवढाच तो हिशेब. ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही विमानतळ उलटसुलट करून बघा. मुंबई–हीथ्रो आणि हीथ्रो–मुंबई दोन्हींना एकच वेळ आली, ८०० च्या हिशेबाने साधारण ९ तास ३१ मिनिटं, तर समजा की वाऱ्याचा विचारच झालेला नाही. प्रत्यक्षात लंडनला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात आणि येताना नऊच्या आसपास. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी दोनशे किमीच्या वर जातो. तो पाठीमागून आला की वेळ वाचते, समोरून आला की खर्च होते. साइटची वेळ या दोन्हींच्या मधोमध पडते आणि दोन्ही वेळा चुकते.

भागायला घेतलेल्या वेगावरही बरंच ठरतं. १३,५०० किमीला ८०० ने भागलं तर अर्ध्या तासासह १७ तास २२ मिनिटं येतात, ९०० ने भागलं तर साडेपंधरा तास. जवळजवळ दोन तासांचा फरक, आणि कुठला वेग धरला ते बहुतेक साइट सांगतच नाहीत. लांब पल्ल्याचं बोइंग ७८७ आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतं, म्हणजे पस्तीस हजार फुटांवर ताशी ९०० किमीच्या आसपास. एअरबस ए३२० चा वेग ०.७८ पट, म्हणजे ८३० च्या आसपास. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान असल्यामुळे ताशी ५०० च्या घरात. कोल्हापूर–मुंबई अंतर ३०८ किमी. साइट ८०० ने भागून ५३ मिनिटं सांगते. एटीआर असेल तर नुसतं अंतर कापायलाच ३७ मिनिटं, वर चढणं, उतरणं, जमिनीवरचं रांगणं आणि मुंबईच्या आभाळात घिरट्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं वर ताटकळतात. जितकं अंतर कमी, तितका भागाकार जास्त खोटा.

मोठ्या अंतराला वेगळं दुखणं आहे: रेघेवरून विमान जातंच असं नाही. दिल्ली ते कझाकस्तानातलं अल्माटी हे सर्वांत चांगलं उदाहरण. साइटच्या मते जेमतेम १६४० किमी, अडीच तासांचं काम. पण रेघ जाते काराकोरम आणि तिआन शानवरून. विमानाच्या आतला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. शेजारच्या तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे चौदा हजार फुटांच्या वर. खाली यायला जागाच नाही. म्हणून हा पट्टा टाळून पाकिस्तानवरून जायचं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा इंडिगोने अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवली, कारण वळसा घालून ती ठिकाणं त्यांच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. साइटवर तो आकडा तेव्हाही १६४० होता, आजही १६४० आहे.

रशियाचंही तसंच. २०२२ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी विमानांना रशियाची हद्द बंद झाली आणि हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास फिनएअरला तेरा तासांवर गेला. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने मुंबई–न्यूअर्क सेवाही थांबवली होती.

कधीकधी वळसा फायद्याचाही ठरतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १५,३०० किमी, अटलांटिकच्या वाटेपेक्षा १४०० किमी जास्त, तरी साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा सतत पाठीशी होता. मोठ्या वर्तुळाचं १२,३८० किमी आणि ८०० चा वेग धरणारी साइट या मार्गाला जवळजवळ सोळा तास सांगते. म्हणजे विमान तीन हजार किमी जास्त उडूनही दीड तास आधी! जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवाकडून आलं. मोठ्या वर्तुळाचं अंतर जेमतेम १४,००० किमी, प्रत्यक्ष उड्डाण सुमारे १६,००० किमी, सतरा तास. अंतर आणि वेळ यांचं नातं दिसतं तितकं सरळ नाही, ते असं.

आणखी एक खोड. साइट अस्तित्वात नसलेल्या उड्डाणाचीही वेळ सांगते. पुणे–हीथ्रो टाकलं की ७३०० च्या पुढचे किमी आणि साडेनऊ-पावणेदहा तास झोकात येतात, पण अशी थेट सेवाच नाही. लोहगावची धावपट्टी अडीच हजार मीटरच्या आसपास आणि विमानतळ मुळात हवाई दलाचा. लांब पल्ल्याचं, इंधनाने भरलेलं मोठं विमान तिथून उडवणं सोपं नाही. पुणे–दुबई २०५० किमी, एवढं ठीक.

मग खरी वेळ काढायची कशी? वेळापत्रकावरून. मुंबईहून निघायची आणि तिकडे पोचायची वेळ दोन्ही स्थानिक असतात. त्यांची वजाबाकी करून दोन देशांच्या घड्याळांतला फरक मिळवा किंवा वजा करा. समजा विमान मुंबईहून १३.३० ला निघतं आणि उन्हाळ्यात हीथ्रोला १८.४५ ला पोचतं. वजाबाकी सव्वापाच तास, उन्हाळ्यातला फरक साडेचार, एकूण पावणेदहा. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच होतो. दुबई वर्षभर दीड तास मागे. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. या दोन-तीन आठवड्यांत लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्याचे पाठ केलेले फरक कोलमडतात. परतीला युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या.

वेळापत्रकातली वेळ फाटकापासून (गेटपासून) फाटकापर्यंतची असते, त्यात जमिनीवरचं रांगणंही येतं. कंपन्या उशिराचा ठपका नको म्हणून थोडी सैल वेळ धरतात, त्यामुळे "वीस मिनिटं लवकर आलो" ही घोषणा ऐकून हुरळून जाऊ नका. नेमकं किती वेळ हवेत, हे हवं असेल तर फ्लाइटरडार२४ वर उड्डाण क्रमांक टाका. फुकट खात्यात मागच्या सात दिवसांची नोंद दिसते. सातही दिवसांच्या वेळा बघा, त्यातली सर्वांत वाईट धरून पुढचं गणित करा. फ्लाइटअवेअरवर त्याच उड्डाणाचं थेट, नियोजित आणि प्रत्यक्ष कापलेलं अंतर वेगवेगळं दिसतं. वळशाचा हिशेब एका नजरेत कळतो. अंतराची साइट आणि ही साइट, दोन खिडक्या शेजारी उघडल्या की काम झालं.

अंतराच्या आकड्याचा एक उपयोग फारच थोड्यांना माहीत आहे: भरपाई. युरोपियन युनियनच्या २६१/२००४ या नियमात उशिराची किंवा रद्द उड्डाणाची रक्कम मोठ्या वर्तुळाच्या अंतरावर ठरते. १५०० किमीपर्यंत २५० युरो, पुढच्या टप्प्याला ४००, आणि युरोपबाहेरच्या ३५०० किमीवरच्या प्रवासाला ६००. शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर हवा, आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं हवं. तीन ते चार तासांच्या उशिराला लांबच्या प्रवासाची रक्कम निम्मी होऊ शकते. युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला हे लागू, युरोपकडे जाणारं विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला हे पाठ असावं. इथे साइटची बेरीज मात्र वापरायची नाही. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्या प्रवाशांच्या खटल्यात २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की टप्प्यांची बेरीज, १६५६ किमी, धरायची नाही. रोम ते हॅम्बुर्ग थेट १३२६ किमी धरायचं. म्हणजे ४०० ऐवजी २५० युरो. अर्ज भरताना पहिला आणि शेवटचा असे दोनच कोड टाका.

आपल्याकडे उलटं आहे. डीजीसीए या सरकारी हवाई वाहतूक नियामकाच्या नियमात आयत्या वेळी रद्द झालेल्या उड्डाणाची भरपाई अंतरावर नाही, वेळापत्रकातल्या फाटक ते फाटक वेळेवर ठरते: एक तासापर्यंत ५,०००, एक ते दोन तासांना ७,५००, त्यावर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी ते. तिथे साइटची ५३ मिनिटं पुढे केलीत तर कोणी विचारणार नाही. तिकिटावरची वेळच दाखवायची.

राहिला तो भाग जो कुठल्याच साइटला माहीत नाही, म्हणजे घर ते विमानतळ. साताऱ्याहून लोहगाव सव्वाशे किमीच्या आत, पण कात्रजच्या पुढे किलोमीटरला अर्थ राहत नाही. तीन तास धरा, शनिवार-रविवारी खंबाटकीसाठी आणखी एक. सांगलीहून कोल्हापूरचं उजळाईवाडी पन्नास किमीच्या आसपास, सव्वा तासाचं काम. तिथून मुंबई किंवा हैदराबाद गाठून पुढे जाणं कागदावर सर्वांत सोपं दिसतं. पण दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान चुकल्यावर दुसरं तुमची वाट बघत नाही, आणि भरपाईही मिळत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, असेल तरच हा मार्ग घ्या, नाहीतर मध्ये किमान सहा तास सोडा. सांगलीहून गाडीने मुंबईला निघालात तर पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून सात-आठ तास, वर आंतरराष्ट्रीयला तीन तास आधीची हजेरी. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. साइटवरच्या सतरा तासांचा प्रवास थांब्यासह सांगलीच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत पस्तीस तासांवर सहज जातो. म्हाताऱ्या माणसाला व्हीलचेअर, औषधं आणि झोप यांचा बेत या पस्तिसावर करावा, सतरावर नाही.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, कोड एनएमआय. आपल्या बाजूच्या लोकांसाठी तो द्रुतगती मार्गावरून उतरल्यावर मुंबई शहरात न शिरता गाठता येतो, ही मोठीच सोय. पण आता तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून चालणार नाही. एनएमआयला उतरून बीओएमवरून पुढे जायचं असेल तर साइट या दोघांमधलं अंतर किरकोळ दाखवेल, आणि सकाळच्या गर्दीत तोच तुकडा अख्ख्या प्रवासातला सर्वांत जिवावरचा ठरेल. तिकीट काढताना दोन्ही कोड वेगळे दिसले, तर मध्ये पाच-सहा तास नसतील तेव्हा ते तिकीट घेऊच नका.